खुर्च्यांच्या मागोमाग

त्या सायकल मंडळात नियम फारसे नव्हते, पण एक होता तो मात्र काळ्या दगडावरची रेघ. सर्वांत शेवटी जो असेल, त्यानं कुणालाही ओलांडायचं नाही. पुढचा थांबला तर थांबायचं, रेंगाळला तर रेंगाळायचं. या शेवटच्या माणसाला मंडळात लाडानं 'शेपूट' म्हणत, आणि गेली सहा वर्षं हे शेपूट म्हणजे काकू.

काकू शिवणकाम करायच्या. पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे. शेपूटपद त्यांच्या वाट्याला आलं ते नणंदेमुळे. नणंद वाचनालयात कामाला होती आणि सायकल इतकी सावकाश चालवायची, की पायी चालणारी माणसं पुढे जाता जाता तिची विचारपूस करत. दर उन्हाळ्यात मंडळाची सहल तळ्याकाठी जाई. पुढची मंडळी गरमागरम सूप ओरपून झाडाखाली आडवी झाली, की मग या दोघी पोचायच्या आणि पातेलं खरवडायच्या. काकूंना त्याचं वाईट वाटायचं, आणि स्वतःपेक्षा नणंदेसाठी जास्त वाटायचं.

यंदा मात्र दरवर्षी सगळ्यांच्या पुढे राहणारे कॅप्टन आपल्याच चष्म्याच्या दुकानात शिडीवरून घसरले. पाय प्लास्टरमध्ये गेला, तोरा होता तिथेच राहिला.

"पुढे कोण राहणार?" त्यांनी बैठकीत विचारलं.

सगळ्यांनी इंजिनकडे पाहिलं. इंजिन म्हणजे व्यायामशाळेत शिकवणारा दांडगा गडी, सायकलवर बसला की वारं प्यायलेलं वासरू. तो उठणार, तेवढ्यात काकूंचा हात वर गेला.

"मी नेते."

"रस्ता माहीत आहे का काकू?"

"सहा वर्षं तुमच्या पाठी बघत तोच रस्ता तुडवतेय. न माहीत व्हायला काय झालं?"

लोक हसले. कॅप्टन हसले नाहीत. "बघा हं. सगळ्यांना नीट तळ्यावर आणलंत तर इथून पुढे तुम्हीच पुढे. पण घोटाळा झाला, तर परत हे नाव काढायचं नाही. आणि शेपूट इंजिन."

इंजिनचं तोंड एवढंसं झालं.

सहलीच्या सकाळी काकू पुढे निघाल्या. समोर मोकळा रस्ता, कुणाची पाठ नाही. आधी बरं वाटलं, मग जरा चुकल्यासारखं वाटू लागलं. बोलायलाही कुणी नव्हतं. तेवढ्यात एका फाट्यावरून एक सुतार सायकलवर त्यांच्या पुढे आला. कॅरिअरवर दोन खुर्च्या उलट्या बांधलेल्या, पाय आभाळाकडे. तो डुलत डुलत, बेताबेतानं चालला होता.

जित्याची खोड म्हणतात ती ही. समोर माणूस दिसला आणि काकूंचे पाय आपोआप त्याच्या गतीला आले. त्याला ओलांडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आणि काकू पुढे, त्यांना रस्ता माहीत, म्हणून मागच्यांनी काकूंना ओलांडलं नाही. सुतार वळला, काकू वळल्या, काकूंच्या मागून अख्खं मंडळ वळलं.

सुतारानं एकदा मागे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. हेल्मेट घातलेली पंधरा माणसं मुकाट मागे येत होती. त्याची पाचावर धारण बसली. तो जोरात पेडल मारू लागला, तशा काकूही मारू लागल्या. शेवटी तो एका फाटकातून आत शिरला आणि धापा टाकत उतरला. त्याच्या मागोमाग सगळं मंडळ अंगणात.

"काय... काय पाहिजे तुम्हाला?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. तळं नव्हतं. रंधा होता, भुसा होता, दोरीवर कपडे होते. संपलं, आता जन्मभर शेपूट!

आतून सुताराची बायको आली आणि दारातच थबकली. "अगं बाई! अहो, एवढ्यांना बसायला खुर्च्या कुठून आणू?"

आधी नणंद हसली, मग अंगणभर हशा पिकला. सुतारालाही हसू फुटलं. बाईंनी सगळ्यांना गार पाणी दिलं. सुतारानं घरामागची कालव्याकाठची वाट दाखवली. "सावली आहे ताई, सरळ तळ्याला जाते. जरा लांबून, पण पाय भरून येणार नाहीत." निघताना त्यानं भीत भीत विचारलं, "आता माझ्या मागे नाही ना येणार?"

तळ्याकाठी रिक्षानं आधीच आलेले कॅप्टन प्लास्टरचा पाय पसरून बसले होते, हातात घड्याळ, ओठांवर तयार बोलणी. पण कालव्याकडून नणंदेच्या गतीनं मंडळ आलं ते सगळं एकदम. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. इंजिनसुद्धा घामाघूम नव्हता, शीळ घालत होता. पातेल्याचं झाकण सगळ्यांसमोर उघडलं.

"वहिनी," वाफाळती वाटी दोन्ही हातांत धरून नणंद म्हणाली, "या सूपात मिरं असतं, हे मला आज कळलं."

पण खोटं काकूंच्या अंगी नव्हतं. त्या कॅप्टनपाशी गेल्या. "रस्ता चुकले मी. एका सुताराच्या मागे त्याच्या घरात शिरले, सगळ्यांना घेऊन."

"घरात?"

"अंगणात."

कॅप्टन नणंदेच्या वाटीकडे बघत होते. "दरवर्षी ही किती वाजता पोचते हो?" त्यांनी विचारलं. "मी कधी पाहिलंच नाही. माझा डोळा लागलेला असतो." मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि काकूंपुढे धरली. "घ्या. यापुढे पुढे तुम्ही."

काकूंनी शिट्टी घेतली. हीच तर हवी होती. तिच्याकडे पाहून त्या मनापासून सुखावल्या, आणि तिथून सरळ नणंदेकडे जाऊन तिच्या गळ्यात ती घालून मोकळ्या झाल्या.

"अगं वहिनी, मी? मी पुढे राहिले तर अंधार पडेल!"

"पडू दे," काकू म्हणाल्या. "तू पुढे असलीस, की मागे कुणी राहणारच नाही. आणि मी तुझ्या शेजारी. एकटीनं पुढे जायचं म्हणजे फार कंटाळा गं, बोलायला कुणी नसतं."