खासबागेतली थोरली चिंच

"हिंदुस्थानातली शहरं आजवर नुसती वाढली. आजपासून ती रचली जातील!"

हे वाक्य उपेंद्रनं बेळगाव स्टेशनच्या फलाटावर, गळ्यात हार असताना उच्चारलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत गाडी सुटली, आणि शहरं रचण्याचं सगळं सामान, म्हणजे पट्ट्या, रंग, पुस्तकं आणि पदवीचा झगा, ट्रंकेसकट पुढच्या लोंढा जंक्शनकडे निघून गेलं. बगलेत गुंडाळी करून धरलेला एक नकाशा तेवढा खाली उतरला होता. तोही लोंढ्याला गेला असता तर बरं झालं असतं.

उपेंद्र आमच्या शेजारचा. पुण्यात इंजिनिअर झाला आणि वरची पदवी घ्यायला विलायतेला गेला. शहरातले रस्ते, झाडं, मैदानं, पाणी आणि माणसांची जा-ये, या सगळ्यांचा एकत्र विचार करून जागा आखायची, असं ते शास्त्र. गावानं त्याला 'माळीकाम' असं सुटसुटीत नाव दिलं. त्याच्या बेबीमावशीनं तर तोंडावर विचारलं, "अरे, कलमं बांधायला इतक्या लांब कशाला गेलास? आपला भावकू माळी बांधतो की."

शेवटच्या परीक्षेला त्यानं नकाशा काढला होता तो खासबागेचा. खासबाग म्हणजे बेळगावातली विणकरांची वस्ती. तिथं सकाळी उन्हं वर यायच्या आत रस्त्यावर पांजण चालते. मागावर चढवायचा ताणा गल्लीभर लांब पसरतात, दोन्ही अंगांनी बायामाणसं उभी राहतात आणि कुंचल्यानं सुताला खळ लावत जातात. तोवर टांगेवाले निमूट थांबतात. गल्लीच्या तोंडाशी एक थोरली चिंच होती. ताण्याचं एक टोक तिच्या बुंध्याला बांधायचं ही पिढीजात रीत, आणि तिच्या सावलीमुळं खळ भलत्या घाईनं वाळायची नाही. रस्त्याचा असा उपयोग विलायतेतल्या प्राध्यापकांनी ऐकलाही नव्हता. ते खूश झाले. उपेंद्रच्या आखणीत रस्ता होता तसाच राहणार होता, चिंच राहणार होती, आणि तशीच सावली गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचावी म्हणून दुतर्फा झाडं लागणार होती.

विलायतेला जाण्याआधी तो गल्ली मोजायला गेला होता, तेव्हा नागुबाईनं त्याला हटकलं होतं. नागुबाई म्हणजे त्या गल्लीतली सगळ्यांत वडीलधारी विणकरीण.

"फीत कशाला लावतोस रं चिंचंला? पाडायची हाय?"

"नाही आक्का. तुमच्या चिंचेला हात लागणार नाही. माझा शब्द."

"तुजा शबुद हाय न्हवं? मग झालं. परत आल्यावर इसरू नगं म्हंजी मिळवली."

तो विसरला नाही. आल्या आल्या नकाशा 'खासबाग शोभावर्धक मंडळा'चे अध्यक्ष श्रीपादराव वकील यांच्या हातात दिला, आणि ट्रंक आणायला लोंढ्याला गेला. ट्रंक तोवर गोव्याच्या गाडीत चढली होती. तिच्यामागून उपेंद्र पोर्तुगीज सरहद्दीवर पोचला, तर पेटीत रस्त्यांची मापं आणि नकाशाची पुस्तकं! असला माणूस कुठल्याही सरकारला संशयितच वाटणार. मी झाडं लावणारा आहे, हे पटवून देण्यात त्याचे बरेच दिवस गेले.

इकडे मंडळाची सभा भरली. तिचा वृत्तांत मला मंडळाच्या ओव्हरसियरनं, यल्लाप्पानं, मागाहून सांगितला. नकाशा टेबलावर पसरला होता. नकाशात झाड वरून पाहिल्यासारखं काढतात, एक वर्तुळ आणि मध्ये टिंब. श्रीपादरावांनी चष्मा लावला, गल्लीभर वर्तुळं पाहिली आणि म्हणाले, "वा! कारंजी!"

"आणि तू काय म्हणालास?" मी यल्लाप्पाला विचारलं.

"काय म्हननार?"

"अरे, नकाशे वाचण्याचा पगार घेतोस तू! ती झाडं आहेत हे तुला कळलं नाही?"

"कळलं की. पर अध्यक्षांनी कारंजी म्हटल्यावर झाडं कुनी म्हनायचं? सेक्रेटरींनीबी मान हलवली, मग खजिनदारांनी हलवली. माझी तेवढी हलायची ऱ्हायलेली."

"मग?"

"हलवली."

एवढी कारंजी आपल्याला पेलायची नाहीत, असा पोक्त विचार श्रीपादरावांनी मांडला. सगळ्यांत मोठं तेवढं करू. सगळ्यांत मोठं वर्तुळ गल्लीच्या तोंडाशी होतं. नेमकी तिथंच एक चिंच आडवी येत होती. ती पाडण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

माणसं चुकतात, त्याचं मला काही वाटत नाही. पण एक अख्खी सभा, त्यात दोन पदवीधर, सगळी माणसं रोज त्याच चिंचेखालून जाणारी, आणि एकाच्याही तोंडून 'अहो, ते झाड असेल' एवढं निघू नये? कुऱ्हाडी लागल्या तेव्हा गल्ली गोळा झाली. नागुबाईनं यल्लाप्पाला विचारलं, "कुनी सांगितलं रं हे?" आणि इतके दिवस गप्प बसलेल्या यल्लाप्पाला नेमकी तेव्हा वाचा फुटली. "उपेंद्रसायबांचा नकाशा हाय."

उपेंद्र परतला तो उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. चिंचेच्या जागी सिमेंटचं कुंड होतं, त्यात सिमेंटचा हंस. पाणी पुढच्या वर्षी यायचं होतं. गल्लीत कुणी त्याच्याशी बोललं नाही. नागुबाईनं त्याला पाहिलं आणि दार लावून घेतलं. तो तडक श्रीपादरावांकडे गेला.

"काका, ती झाडं होती! झाडं!"

"असतील. पण ठराव कारंज्याचा झालाय."

"तुम्ही चिंच तोडलीत! मी शब्द दिला होता त्या माणसांना!"

"तुझ्याच नकाशाबरहुकूम तोडली, बाबा. मंडळानं पदरचं काही घातलेलं नाही. खाली तुझं नावसुद्धा कोरलंय संगमरवरात. पाहिलंस का?"

त्यानं पाहिलं होतं.

पाहुणे म्हणून बोलावलेले गोरे साहेब उन्हाला भिणारे, म्हणून उद्घाटन सकाळी ठेवलं होतं, ऐन पांजणीच्या वेळी. गल्लीवाल्यांनी आपला ताणा रोजच्यासारखा पसरला. बुंधा नव्हता, म्हणून टोक हंसाच्या मानेला बांधलं. फीत कापली गेली, आणि उपेंद्र कुंडाच्या कठड्यावर चढला.

"हे कारंजं नाही, हा खून आहे!" तो ओरडला. "दीडशे वर्षांची सावली तुम्ही एका कोरड्या हंसासाठी कापलीत! ज्यांना झाड ओळखता येत नाही त्यांनी शहराच्या वाटेला जाऊ नये! खोडा ते माझं नाव! मला लाज वाटते या..."

मराठी न कळणारे साहेब हसून मान डोलावत होते. ते पाहून श्रीपादरावांनी टाळ्या सुरू केल्या, आणि त्या पाहून मंडळानं. तेवढ्यात ताण्याला ताण बसला, हंसाची मान कडकन मोडली आणि कुंडात पडली. ओलं सूत सैल होऊन मातीला टेकायला आलं. ऊन सरळ त्याच्यावर उतरलं होतं. उपेंद्र बोलतच होता.

नागुबाई खळीनं माखलेल्या हातात टोक धरून कठड्यापाशी आली.

"उपेंद्रा, झालं का रं बोलून?"

तो तिच्याकडे वळला. "आक्का, मी शब्द..."

"यल्लाप्पानं आताच सांगितलं मला समदं. बोल तू, बोल. कोन नगं म्हनतंय? पर बोलता बोलता हे टोक धर जरा. दोन्ही हातांनी. आसं. आनि हलू नगं."

त्यानं टोक धरलं. ताणा पुन्हा ताठ झाला. गल्लीभर कुंचले चालू लागले. नागुबाईनं वर उन्हाकडे पाहिलं, मग पागोटं सावरत उभ्या असलेल्या श्रीपादरावांकडे.

"आनि त्या वकीलसायबास्नी जरा हिकडं सरकाय सांग," ती म्हणाली. "अंगानं दांडगं हाईत. तेवढीच सावली पडंल."