देवघरात शिरलेली प्लास्टिकची घागर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मित्रांनो. मी एक जुनी प्लास्टिकची घागर आहे. पितळेची नाही, तांब्याची नाही, कुणाच्या आंदणातली तर मुळीच नाही. इथे मद्रासात मला कुडम म्हणतात. रंग पोपटी होता, आता शिळ्या पडवळासारखा झालाय.

गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. गरम लगदा साच्यात पडला, हवा फुंकली, मी फुगून बाहेर आले. जन्मायला मिनिटही लागलं नाही म्हणून कोणी मला हलकी समजू नये. वेस्ट मांबलमच्या दुकानात राजसबाईंनी सतरा घागरी बोटाने वाजवून पाहिल्या आणि मला उचललं. "बाकीचे नुसते भोपळे," म्हणाल्या. हे सतरा घागरींसमोर म्हणाल्या, हे मी विसरलेले नाही.

ते पाण्याच्या तंगीचे दिवस होते. पाण्याची लॉरी आली की गल्ली धावायची. राजसबाई मला रांगेत ठेवून घरी जायच्या, आमटीला फोडणी घालून परत यायच्या. मी उभी म्हणजे त्या उभ्या. एकदा एकीने मला मागे सरकवलं, तर राजसबाई म्हणाल्या, "माझ्या कुडमाला हात लावलास तर उद्या त्या हाताने भात कालवायची नाहीस!" पुन्हा कोणी हात लावला नाही.

त्या वर्षांत मी पाणी ओळखायला शिकले. लॉरीच्या पाण्याला तळ्याचा वास. बोअरचं पाणी खारट, पोटात पांढरा थर धरणारं. मेट्रोचं, म्हणजे सरकारी नळाचं पाणी गोडं. थेंब पोटात पडला की मी त्याचं गाव सांगेन.

पण देवघरात मला जागा नव्हती. तिथे फक्त पितळ. सोवळ्यात प्लास्टिक चालत नाही म्हणे. बरं बाई, नाही चालत.

मग तांबरमजवळ नवा फ्लॅट झाला. दोन नळ: स्वयंपाकघरात मेट्रोचा, मोरीत बोअरचा. लॉरी संपली, माझं कामही संपलं. मी बाल्कनीत जाऊन पडले. बाल्कनी तरी धड होती का? तिचं पाणी जाळीकडे जायचं सोडून हॉलकडे वळायचं. दार पावसात फुगायचं. भिंतीवर टिचकी मारली की पोकळ वाजायची. राजसबाईंचा मुलगा विश्वजित म्हणायचा, "आई, नवीन घर आहे, बसेल हळूहळू." राजसबाई म्हणायच्या, "घर बसतंय की आपण बसतोय ते बघ!"

आणि एका सकाळी देवघराच्या छतातून, दिव्याच्या भोकातून, थेंब पडला. थेट बाळकृष्णाच्या डोक्यावर. विश्वजितने तिथला दिवा काढला, वायर बंद केली. बिल्डरने वरच्या मजल्याचा नकाशा मधेच फिरवला होता, त्यामुळे देवघराच्या बरोबर वर चंद्रिका टीचरची मोरी आली होती. चंद्रिका राजसबाईंसारखीच तंजावरची मराठी, शाळेतून निवृत्त झालेली.

"माझ्या देवांच्या डोक्यावर तिचं आंघोळीचं पाणी!" राजसबाई कडाडल्या. विश्वजितने थेंबाखाली पितळेचा हंडा धरला, तर त्यांनी तो हिसकावून घेतला. "मोरीचं पाणी माझ्या पितळेत? ती पोपटी घेऊन ये."

अशी मी देवघरात शिरले. मान म्हणून नव्हे, घाण धरायला. पण शिरले.

टप. टप. पहिला थेंब पोटात पडला आणि मी हादरले. हे बोअरचं नव्हतंच. साबण नाही, खार नाही. हे मेट्रोचं गोडं पाणी! मोरीत मेट्रोचा नळच नाही, तर ते मोरीतून येईल कसं? पण मला तोंड आहे ते फक्त भरायला. मी ओरडणार कशी?

बिल्डरचा इंजिनिअर व्यासराज आला. मान वर करून पाहिलं, मोबाइलवर फोटो काढला. "वरच्या बाई पाणी फार ओततात. हा वापराचा दोष, बांधकामाचा नाही. तुम्ही दोघी आपसात मिटवा."

"आणि नाही मिटलं तर?" विश्वजितने विचारलं.

"ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दोष दाखवलात तर आम्ही दुरुस्त करून देणार. शुक्रवारी पाच वर्षं भरतात. नंतर तुमचं घर, तुमची गळती."

तो गेला आणि राजसबाई जिन्यात उभ्या राहिल्या. खालपासून वरपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. चंद्रिकाचं नाव त्यांनी मोरीवाली ठेवलं. चंद्रिकाने दार लावून घेतलं. शुक्रवार जवळ येत होता, छताची ओल ताटाएवढी होती ती सुपाएवढी झाली, आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. मला बसल्या जागी चैन पडेना. मी भरायचे, ओतली जायचे, पुन्हा भरायचे. सत्य रोज माझ्या पोटातून गटारात जात होतं.

बुधवारी सकाळी सून सुष्मिता साताऱ्याहून माहेरपण करून परतली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. देवांपुढे दिवा लावायचा म्हणून राजसबाईंनी मला भरलेली उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली होती. नळाला पाणी नव्हतं. सुष्मिताने मला वाकवलं आणि कुकरमध्ये डाळीवर ओतलं.

दुपारी राजसबाईंनी पहिला घास घेतला. "अय्यो, डाळ लोण्यासारखी शिजलीय! माहेरून शिकून आलीस काय गं?"

"छे हो आई. नळ कोरडा होता. दाराशी ती पोपटी घागर होती ना, तिच्यातलं पाणी घातलं."

विश्वजितचा हात ताटातच थांबला. राजसबाई तोंडावर पदर धरून उठल्या. मोरीकडे चार पावलं गेल्या आणि पाचव्या पावलाला थांबल्या.

"विश्वा," त्या वळून म्हणाल्या, "बोअरच्या पाण्यात डाळ शिजते का रे कधी?"

"नाही. दगडासारखी राहते."

"मग ही कशी शिजली?"

विश्वजित उठून देवघराच्या छताखाली जाऊन उभा राहिला. मला आनंदाने फुटावंसं वाटत होतं.

"वरच्या स्वयंपाकघराला जाणारा मेट्रोचा पाईप इथूनच जात असणार," विश्वजित म्हणाला. "चंद्रिका टीचरनी त्याचा व्हॉल्व बंद केला आणि थेंब थांबला, तर दोष पाईपाचा. पण तसं त्यांनी लिहून सही द्यायला हवी. मी जाऊन विचारतो."

"तू नाही. जिन्यात मी ओरडले, जिना मीच चढणार." राजसबाईंनी सुष्मिताला मला उचलायला लावलं.

चंद्रिकाने दार उघडलं, साखळीएवढंच. "या. इतके दिवस मोरीवाली होते. आज काय, आरती घेऊन आलात, अक्का?"

राजसबाई म्हणजे परक्याच्या हातचं पाणी रेल्वेतसुद्धा न पिणारी बाई. त्यांनी ओंजळ पुढे केली. "ओत गं, सुष्मिता."

"आई, अहो, हे छतातलं..."

"ओत म्हणते ना!"

आणि तिथेच, दारात उभ्या उभ्या, त्या माझ्यातलं पाणी प्यायल्या. हनुवटीवरून ओघळलं तरी पुसलं नाही. "हे तुझ्या मोरीचं नाही, चंद्रिका. मी खोटं बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, तर हेही तसंच बोलते." आणि जिन्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "चूक माझी!"

साखळी निघाली. चंद्रिकाने बोट माझ्यात बुडवून जिभेला लावलं. "मेट्रो. माझ्याच नळाचं." मग तिला हसू फुटलं. "म्हणजे मोरीवाली मी आणि माझं गोडं पाणी पळवणाऱ्या तुम्ही!"

नळाला पाणी परत आलं होतं; व्हॉल्व बंद झाला. दोन तासांत थेंब थांबला. चंद्रिकाने शाळेच्या अक्षरात वेळ टाकून सगळं लिहिलं, खाली दोघींच्या सह्या. राजसबाईंची सही म्हणजे चार वाकडी अक्षरं, पण त्यांनी ती पान फाटेल इतकी दाबून केली. गुरुवारी बिल्डरच्या कचेरीत त्यावर शिक्का पडला.

छत फोडलं तेव्हा दिसलं: पाईपाचा जोड चिकटवलेलाच नव्हता, नुसता एकात एक खुपसला होता. व्यासराज मान खाली घालून उभा. राजसबाई म्हणाल्या, "इंजिनिअर साहेब, नवरा-नवरी शेजारी उभे केले म्हणजे लग्न लागत नाही. गाठ मारावी लागते!"

आता इमारतीतल्या बाया आपापल्या भिंती टिचक्या मारून बघताहेत, आणि चंद्रिकाच्या हॉलमध्ये बसून तक्रारी लिहिताहेत. त्यांना ताबा उशिरा मिळाला, पण त्यांचीही पाच वर्षं भरत आलीत, ती धास्ती आहेच. दारं फुगतातच, बाल्कनी अजून उलटीच वाहते. मीही स्वस्थ नाही. कुठे नळ ठिबकला की माझा जीव वर येतो.

मित्रांनो, तुमच्या घरी छत गळायला लागलं तर कुणाच्या दारात जाऊन ओरडण्याआधी ते पाणी बघा. कुठलं आहे ते विचारा, मोठ्यांना विचारायला लावा, तारीख लिहून ठेवा. आणि ओरडून चुकलातच, तर जितक्या मोठ्याने ओरडलात तितक्याच मोठ्याने चूक कबूल करा. राजसबाईंना ते जमलं. त्या किती गर्विष्ठ आहेत, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.