लाल दिवा विझल्यावर

मित्रांनो, आधी माझ्या डोक्यावर टकटक करणे थांबवा पाहू! आयुष्यभर ज्याने त्याने तेच केले. मी एक जुना माइक आहे. समारंभात मिरवणारा नव्हे, सरकारी बैठकीच्या टेबलावर बसून राहणारा. माझी मान लवचीक, डोक्यावर स्पंजची काळी टोपी आणि गळ्यात लाल दिव्याचे कडे. दिवा लागला की माझा आवाज सभागृहभर जातो, विझला की मी मुका. पण मुका झालो तरी बहिरा होत नाही, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

कारखान्यात एका बाईने माझ्या बारीक तारा जोडल्या आणि मला तपासायला ती चक्क एक गाणे गुणगुणली. ते जसेच्या तसे बाहेर आले तेव्हा ती हसली. मला वाटले, आता जन्मभर गाणीच. नशीब बघा, वाट्याला आल्या बैठका.

त्या बैठका होत्या तीन शेजारी प्रांतांच्या सरकारांच्या. तिन्हीकडे म्हातारी माणसे वाढत चालली होती आणि त्यांची मुले पोटापाण्यासाठी लांब गेली होती. एका प्रांतात दवाखाने चांगले होते, तर सेवा करणाऱ्या बायका नदीच्या पलीकडच्या प्रांतात होत्या. म्हाताऱ्यांची काळजी तिघांनी मिळून घ्यावी, असा करार करायचे ठरले. पण कुणाचे नियम कुणी पाळायचे, यावर वर्षानुवर्षे चर्चेचे गुऱ्हाळ चालले आणि कराराचे घोंगडे भिजतच पडले. मला मात्र सगळे वाखाणत. "काय स्वच्छ आवाज आहे याचा!" असे एक मंत्री म्हणाले, तेव्हा मी महिनाभर हवेत होतो.

अध्यक्षसाहेबांच्या माइकला एक जादा बटण होते. ते दाबले की बाकीचे सगळे माइक बंद. त्या बटणाचा मला पहिल्यापासून राग होता.

एका वर्षी कुणाला तरी सुचले की म्हाताऱ्यांविषयी एवढे बोलतो आहोत, तर एखादे म्हातारे माणूसही बोलवावे. म्हणून एक आजी आल्या. शेवटच्या खुर्चीवर, माझ्यासमोर त्यांना बसवले. कोपरावर रफू केलेला स्वेटर, अंगाला दुखण्यावरच्या तेलाचा वास. सकाळपासून त्या ताटकळत होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा अर्ध्या साहेबांचे डोळे दाराकडे लागले होते.

"नमस्कार. मला कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्यानं बोलले तर रागावू नका," आजी म्हणाल्या. "आमचे हे दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत. तुम्ही सगळे मोठी माणसं, आमचा विचार करता, बरं वाटतं..." बोलताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. घाबरलेले माणूस घेते तसे.

अध्यक्षसाहेबांनी बटण दाबले. "आजींनी फार मोलाचे विचार मांडले. वेळेअभावी आपण इथेच थांबू या. धन्यवाद!"

माझा दिवा विझला. आजींना ना ते ऐकू आले, ना दिसले. त्या बोलतच राहिल्या आणि खुर्च्या सरकण्याच्या गलक्यात ऐकणारा मी एकटा होतो.

"पुलापलीकडची एक बाई येते मदतीला. आता म्हणतात, करार होईपर्यंत तिला अलीकडं काम करता येणार नाही. साहेब, करार तुम्ही सावकाश करा. पण तोवर तिला येऊ द्या. मला एकटीला हे उचलत नाहीत हो. एवढंच मागणं आहे. हो म्हणाल ना?"

आजींनी डोळे उघडले. सगळे सभागृह टाळ्या वाजवत होते.

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चारी दिशांना हात जोडले आणि जाता जाता माझ्या टोपीवरून हात फिरवला. दारातल्या शिपायाला म्हणाल्या, "सगळ्यांनी हो म्हटलं रे!" तो बिचारा आत नव्हताच. "बरं झालं, आजी," तो म्हणाला.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो. पण दिव्याशिवाय मला आवाज नाही.

पुढच्या बैठकीला आजी न बोलावता आल्या. शिपायाने अडवले नाही. त्या माझ्यासमोर बसल्या आणि माझा दिवा लागला.

"तुम्ही हो म्हणाला होतात ना, साहेब? बहीण म्हणत होती, दोघंही माझ्याकडं राहायला या. मी म्हटलं, कशाला, साहेबांनी हो म्हटलंय. पण बाईला पुलावरनंच परत पाठवलं. मी एकटीनं यांना कुशीवर वळवायला गेले. हातातनं निसटले. पडले ते पुन्हा उठलेच नाहीत."

साहेब एकमेकांकडे पाहू लागले. अध्यक्ष हळूच म्हणाले, "आजी, तुम्ही असं काही मागितलंच नव्हतं."

शेजारच्या अधिकारी बाईंनी तेच आजींच्या कानाशी मोठ्याने सांगितले.

"इथंच बसून मागितलं की!"

"कुणीच ऐकलं नाही हो," बाई पुन्हा कानाशी म्हणाल्या.

कुणीच खोटे बोलत नव्हते, हेच वाईट होते. आजी माझ्या दिव्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "मग टाळ्या कशाच्या होत्या?"

अध्यक्षांचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

त्याच बैठकीत करारावर सह्या झाल्या, सेवेला येणाऱ्या बायकांना पूल मोकळा झाला. बैल गेला आणि झोपा केला. त्या दिवशीच्या टाळ्या आजींनी ऐकल्या नाहीत. त्या केव्हाच निघून गेल्या होत्या.

पुढे नवे माइक आले आणि मी कपाटात पडलो. टोपीचा स्पंज आता हात लावला की भुगा होऊन पडतो. माझे काही मागणे नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस बोलत असेल आणि तुम्ही न ऐकताच "हो, हो" म्हणालात, तर ते तुमच्या त्या "हो"वर विसंबून राहते. म्हणून मान डोलावण्याआधी जवळ जा आणि विचारा, "काय म्हणालात? पुन्हा सांगा ना."