हात मागे बांधून तळलेला मासा

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माशाची तुकडी स्टीलच्या पॅनमधून अख्खी सुटली.

गॅसपुढे बहात्तर वर्षांचे निवृत्त शिंपी उभे होते. घरात ते एकटेच राहतात. लेकीची अट साधी होती: स्वतःपुरतं नीट रांधून दाखवा, नाहीतर घराला कुलूप लावून माझ्याकडे चला. आधी दोनदा मासा पॅनला चिकटून त्याचा भुगा झाला होता. चूक हातांची होती. पन्नास वर्षं सुरकुती दिसली की हात फिरवायची सवय. तेलात पडलेली तुकडीही त्यांना सारखी करावीशी वाटे.

आज त्यांनी पॅन आधी रिकामाच तापवला. पाण्याचा थेंब त्यात पाऱ्यासारखा पळू लागल्यावर तेल घातलं, फडक्याने टिपलेली तुकडी सोडली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"बाबा, करपेल," लेक म्हणाली.

"तू गप्प बस. मी कसाबसा स्वतःला आवरतोय."

"उलथनं देऊ?"

"लपवून ठेव ते."

चार मिनिटांनी त्यांनी पॅन नुसता हलवला. तुकडी आपणहून घसरली. उलटली, तर खालची बाजू सोनेरी, खरपूस, कडेपर्यंत एकसारखी.

"घे, काढ खोट," ते म्हणाले. आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही.

लेकीने खोट काढली नाही. दुसरी तुकडी मागितली. निर्णय मात्र अजून सांगितलेला नाही. नऊ वाजता ती बाहेरच्या खोलीत दार लोटून नवऱ्याशी फोनवर बोलत होती.