न कळलेला पाय

पायाळू माणसाने पाय लावला की कमरेत भरलेली उसण उतरते, ही समजूत मी अनेक तोंडांतून ऐकली आहे. माझ्या उशाशी एक गोल भोक आहे. पालथे झोपलेले लोक त्यातून थेट जमिनीशी बोलतात, आणि जमिनीशी बोलताना माणूस फारसे लपवत नाही. मी उपचाराचे टेबल बोलतो आहे.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याच्या पायाची कथा घराघराप्रमाणे बदलते. कोकणातून नोकरीनिमित्त इकडे माळव्यात आलेल्या एका बाईंच्या कथापाठात पाय डावाच लागतो. साताऱ्याकडच्या एका बँक अधिकाऱ्याच्या मते रोग्याने उंबऱ्यावर पालथे पडावे. येथील हिंदी बोलणारे शेजारी हीच गोष्ट शनिवाराशी जोडतात. दरबारी चाकरीसाठी माळव्यात आलेल्यांच्या एका जुन्या मराठी घरात मात्र सर्वांत कडक अट ऐकली: पाय लागल्याचे रोग्याला कळता कामा नये. कळले, तर गुण गेला. माझी हकीकत या शेवटच्या पाठातली आहे.

देवासच्या एका सुताराने मला सागवानात घडवले. माझा एक पाय किंचित आखूड राहिला. माझ्या मालकिणीने, मृणालने, त्याखाली रबराचा तुकडा सरकवला आहे, पण तो सारखा निसटतो, आणि मग कुणी नुसता श्वास सोडला तरी मी डुगडुगतो. टावर चौकामागच्या गल्लीतल्या तिच्या दवाखान्याचे दार अरुंद. मला आडवे करून, पाय पुढे काढून आत घ्यावे लागले.

मृणाल ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हाताने सांधे-स्नायू मोकळे करण्याचे, उपचार करते. तिच्याकडे राम घाटावर दिवसभर मांडी घालून संकल्प सांगणारे पुरोहित येतात, रिक्षावाले येतात, साड्यांच्या दुकानात उभे राहून पोटऱ्या फुगलेल्या मुली येतात. बहुतेकांची अपेक्षा एकच असते. “मॅडम, एक बार कडक से कर दो, बस.” हाड वाजले म्हणजे पैसे वसूल! मृणाल आधी विचारते, चालायला लावते, चपलेचा तळ कुठे झिजला ते पाहते. मग पाठीवर तळवा ठेवून इतका वेळ स्तब्ध राहते, की रोगी माझ्या भोकातून कुजबुजतो, “शुरू कब होगा?”

त्या तळव्याखाली स्नायू सैल होतात तेव्हा सर्वांत आधी मला कळते. माणसाचे वजन माझ्यावर पसरते. दुखणारा माणूस स्वतःला थोडा उचलून धरतो. मला तो कधीच पुरता मिळत नाही.

विलासराव हे असेच. रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून निवृत्त झालेले, बोलके, कमरेतून डाव्या पायात उतरणाऱ्या कळेने बेजार. त्यांच्यासोबत पत्नी अहल्याबाई. त्या पायाळू. अर्ध्या कॉलनीच्या उसणी त्यांनी उतरवल्या होत्या.

“आणि नवऱ्याचीच कंबर वाकडी ठेवली,” विलासराव माझ्यावर चढता चढता म्हणाले.

“नवऱ्याला पाय लावू? मग ते पाप कोण फेडणार? तुमचं पार्सल ऑफिस?”

मृणालने हसून माझी प्रवेशकथा सांगितली. अहल्याबाईंनी माझ्या कडेवर थाप मारली. “म्हणजे हे पण आमच्यातलंच की!” त्या दिवसापासून मी त्यांच्याशी नाते मानतो.

दोन उपचारांनी विलासरावांना थोडा उतार पडला. निघताना मृणालने दोघांना बजावले होते: लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर माझी वाट पाहू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. विलासरावांनी मान हलवली. मान हलवणे ही ऐकण्याची खूण असते असे मी पूर्वी समजत असे.

तिसऱ्या खेपेस दोघेही प्रसन्न होते. अहल्याबाईंनी पेढे आणले होते.

“कळ बिलकुल गेली हो,” विलासराव म्हणाले. “आता नुसती फायनल सर्व्हिसिंग करून टाका.”

ते पालथे झोपले, आणि मी अस्वस्थ झालो. वजन पसरले होते. पण विश्वासाने सैलावलेल्या माणसाचे पसरते तसे नव्हे. कमरेपासून खाली ते ओल्या पोत्यासारखे टेकले होते. माझा आखूड पाय वाजू लागला. मृणालने वाकून रबराचा तुकडा नीट बसवला. मी गप्प झालो. मला तेवढेच बोलता येत होते.

“कळ कशाने थांबली?” तिने विचारले.

विलासराव म्हणाले, “तुमच्या हाताने.” अहल्याबाई मात्र हसू दाबत होत्या. त्यांनी मृणालला दाराशी ओढले. दवाखाना लहान, त्यांची कुजबुज मला नीट ऐकू आली.

“बेटा, तुझ्यापाशी काय लपवायचं. काल मी पाय लावला.”

“काकांना? पण तुम्ही तर...”

“अगं, त्यांना कळलं तर पाप. कळलंच नाही तर कसलं? आमच्या घरची रीतच तशी आहे. दिवाणावर पालथे पडले होते. मी मागून गेले आणि माकडहाडापाशी पाय ठेवला. चांगला दाबला. पत्ताच नाही त्यांना!”

“झोपले होते?”

“झोपतात कुठले! मॅच चालू होती. बॅटिंगवाल्याला शिव्या घालत होते.”

मृणालचा चेहरा उतरला. “काकू, जागे होते, तुम्ही जोर देऊन दाबलं, आणि कळलं नाही?”

“तेच तर! इतक्या सफाईने पाय माझा कधी पडला नव्हता.”

पाठभेदाची ताकद मला त्या क्षणी उमगली. दुसऱ्या कोणत्याही घरात नवऱ्याला स्पर्श न कळणे ही घाबरण्याची गोष्ट ठरली असती. या घरात ती कथेची पूर्तता होती. अट पाळली गेली, कळ गेली, पेढे आले. माझी तुम्हाला विनंती एवढीच: शरीर एकाएकी गप्प झाले तर त्याला बरे होणे समजू नका.

मृणालने कापसाचा बोळा घेतला. “काका, जिथे स्पर्श होईल तिथे ‘हो’ म्हणा.” पाठीवर ‘हो’ आला. कमरेवर आला. त्याखाली, बसायच्या जागेवर, बोळा फिरत राहिला आणि विलासराव म्हणाले, “करा ना सुरू.”

अहल्याबाई पाहत होत्या. त्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडा हळूहळू खाली आला.

“लघवीला शेवटचं कधी गेलात?”

“पाणीच कमी प्यायलो आज.” मग भोकातून, फक्त जमिनीला आणि मला ऐकू येईल असे, “काल संध्याकाळपासून होत नाहीये. हिला सांगू नका.”

मृणालने खाली वाकून ते ऐकले होते. “काका, मणक्यातली गादी सरकून खालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आलाय असं वाटतं. आज मी हात लावणार नाही. आत्ता इंदूरला जायचं. एमआरआय, आणि लागलं तर लगेच ऑपरेशन.”

“हात न लावता? इतकं यायचं, आणि तुम्ही आम्हाला पुढे पार्सल करता?” विलासराव उठून बसत म्हणाले. “कळ नाही, काही नाही. उद्या बघू की.”

“उद्या उशीर होईल. पाय जाऊ शकतात.”

अहल्याबाईंनी नवऱ्याच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायांत घातल्या. “उठा. मी लावला होता पाय काल. तुम्हाला कळला नाही.”

विलासराव त्यांच्याकडे पाहत राहिले. मग उठले. मृणाल गाडी बोलावत, इंदूरच्या सर्जनशी बोलत त्यांच्याबरोबर बाहेर गेली. पेढे माझ्यावर राहिले.

ऑपरेशन त्याच रात्री झाले, हे मला मृणालच्या फोनवरच्या बोलण्यातून समजले. पुढचे काही समजेना. पाय उचलतो, उचलत नाही. नळी काढली, पुन्हा घातली. अशी तुटक वाक्ये यायची. नंतर तीही थांबली. पुरोहित आले, रिक्षावाले आले. प्रत्येकाच्या वजनात मी ते एक वजन शोधत होतो आणि डुगडुगत होतो. “इस टेबल को डॉक्टर की जरूरत है,” एक रिक्षावाला म्हणाला.

संक्रांतीच्या सुमारास दारात काठी वाजली. विलासराव आत आले. डावा पाय ओढत, पण स्वतःच्या बळावर. लघवीची नळी निघाली होती. बसायच्या जागेचे मात्र अजून नक्की सांगता येत नव्हते. कधी वाटायचे काही जाणवते, कधी वाटायचे मनाचे खेळ.

मृणालने त्यांना माझ्यावर घेतले नाही. व्यायामासाठी खाली सतरंजी घातली. ते पालथे झाले आणि आधाराला त्यांनी माझा आखूड पाय धरला. कापूस फिरला. “बहुतेक... माहीत नाही,” ते म्हणाले. तिने पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

मृणालने अहल्याबाईंकडे पाहून खुणेने त्यांच्याच पायाकडे बोट दाखवले. अहल्याबाईंनी जोरजोराने मान हलवून नकार दिला. मग त्यांनी चप्पल काढली. विलासराव तिळाच्या लाडवाच्या भावावर काहीतरी बोलत होते. त्यांचे बोलणे चालू असताना अहल्याबाईंनी पाऊल त्यांच्या माकडहाडापाशी ठेवले. दाबले नाही.

माझा पाय त्यांच्या मुठीत एकदम आवळला गेला. मी खटकन वाजलो.

“अहल्या! केवढा गार पाय आहे तुझा!”

अहल्याबाईंनी पाय काढला नाही.