सतरंजीवर बसेल त्याचं मत

मित्रांनो, आज मला फार हलकं वाटतं आहे. तुम्ही म्हणाल, सतरंजीला कसलं आलंय जड आणि हलकं? पण माणसं सभेला येताना चपला तेवढ्या दाराशी काढतात. मनावरचं ओझं सोबत घेऊनच बसतात. तसलं एक जुनं ओझं आता उतरलं आहे. त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म कंधारजवळच्या एका खेड्यातला. जाड सुती धागा, जमिनीलगतचा माग आणि त्यावर राबणारे नवरा-बायको. तो विणायचा, ती सूत भरून द्यायची. माझे पट्टे निळे आणि तांबडे. शेवटी निळं सूत संपलं, म्हणून एक पट्टा हिरवा झाला. त्या हिरव्यापायी मी खपेना. नांदेडला बसवंतअप्पांच्या कापडदुकानात गिऱ्हाईक मला उलगडून बघायचं आणि परत ढकलून द्यायचं.

माझं नशीब उघडलं ते गुणाबाईंमुळे. गुणाबाई भोकरकडच्या, शेती करणाऱ्या घरातल्या, पण राहायला नांदेडलाच. त्यांची एकुलती एक लेक वर्षाराणी. तिला गोष्टी उशिरा समजतात, पण एकदा समजली की ती विसरत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली तशी तिची विशेष शाळा संपली. शाळेनं सांगितलं, आता घरी ठेवा. नुसतं घरी बसून ती वाळत चालली. तेव्हा गुणाबाईंनी निवृत्त मुख्याध्यापक शेषेराव सर आणि परिचारिका पार्वतीबाई यांना गाठलं. बसवंतअप्पाही आले. मोठ्या वयाच्या अपंग माणसांसाठी ‘सांगाती मंडळ’ निघालं. सगळे येसर मसाला कुटायचे, पुड्या भरायचे, विकायचे. कारभार बघणाऱ्या या चौघांना पगार नव्हता, मानधनही नव्हतं. सभेला चहा तेवढा मिळायचा, आणि तो वर्षाराणी फार गोड करायची.

पहिल्या सभेला बसायला काहीच नव्हतं. अप्पांनी मला दुकानातून उचलून आणलं. म्हणाले, "पडूनच होती. आता फुकट मिळाली म्हणून झाडायची न्हाई, असं करू नका."

त्या दिवशी शेजारीपाजारी, सोयरेधायरे सगळे गोळा झाले होते आणि सगळेच एकदम बोलत होते. सरांनी वर्गात करायचे तशी टाळी वाजवली आणि नियम सांगितला, की जो सतरंजीवर बसेल त्याचंच मत धरायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मित्रांनो, तो दिवस माझ्या मानाचा होता. तेव्हापासून मंडळाचा प्रत्येक निर्णय माझ्यावर झाला. सर विषय वाचायचे, मग विचारायचे, "मंजूर?" सगळे म्हणायचे, "मंजूर." अप्पांना दुकान उघडायची घाई असली तर ते विषय संपायच्या आधीच मंजूर म्हणून टाकायचे.

आणखी एक सवय होती. मंडळात कामाला येणाऱ्यांना हे चौघं ‘लेकरं’ म्हणायचे. एकाच्या मिशा पिकल्या तरी तो लेकरूच. त्यात माया होती, मी खोटं बोलणार नाही. पण सभा भरली की लेकरं ओसरीवरच्या बाकड्यावर बसायची, आणि सतरंजीवर लेकरांविषयी बोलणं चालायचं.

मध्यंतरी कुणीतरी प्लास्टिकच्या खुर्च्या दान दिल्या आणि मी माळ्यावर गेले. अंधारात उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. मला वाटलं, संपलं आपलं. पण मसाल्याच्या खोलीत खाली बसून सगळ्यांच्या पाठी धरायला लागल्या, तेव्हा खुर्च्या तिकडे गेल्या आणि मला खाली काढलं. पार्वतीबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा लावून माझा कोपरा शिवला. बारकाईनं बघितलं तर तो टाका फार देखणा नाही, पण अजून उसवलेला नाही.

आता या वर्षीचं सांगते. उन्हाळ्यात गुणाबाईंना बाजारात भोवळ आली. दवाखान्यातून परत आल्या त्या निम्म्या होऊन. पण माझ्यावर बसल्या की पूर्वीपेक्षा जड वाटायच्या. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता. आपल्यामागं वर्षाचं काय? शेवटी त्यांनीच सरांना गळ घातली. पुण्याकडे एक मोठं वसतिगृह आहे, तिथं एक जागा रिकामी आहे, पोरीला कायमची तिकडं ठेवू. चारच दिवसांत होकार कळवायचा होता.

सभा भरली. सरांनी विषय वाचला. "वर्षाराणीस वसतिगृहात पाठवावे. मंजूर?"

अप्पा मंजूर म्हणाले. पार्वतीबाई म्हणाल्या, पण पुटपुटल्यासारखं. गुणाबाईंनी नुसती होकाराची मान हलवली.

"नामंजूर."

दारात चहाचा ट्रे घेऊन वर्षाराणी उभी होती. छत्तीस वर्षांची, वेणीत अबोलीचा गजरा. हा शब्द तिला कुणी शिकवला म्हणाल, तर सरांनीच. सरकारी कचेरीतून दमून आले की ते दर वेळी म्हणायचे, "अर्ज नामंजूर," आणि तिच्या हातचा चहा प्यायचे. माझ्यावर मात्र तो शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता.

सर रागावले नाहीत. समजावत म्हणाले, "बाळ, मत सतरंजीवर बसणाऱ्याचं असतं."

तिनं ट्रे खाली ठेवला. ओसरीवर जाऊन चपला काढल्या, इतरांच्या रांगेत नीट लावल्या, आणि येऊन सरांच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"बसले," ती म्हणाली. "नामंजूर."

अप्पांनी उपरणं तोंडाला लावलं. "सर, नियम तुमचाच हाय. मोडायचा तर तुम्हीच मोडा."

गुणाबाई कावल्या. "ऊठ तिथून. तुला काय कळतंय? मी मेल्यावर कोण बघंल तुला?"

"माय," वर्षाराणी म्हणाली, "तू आत्ताच कुठं मरून राहिली?"

 मग पार्वतीबाईंना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्यांनीच मग विचारलं, जे आम्ही इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "वर्षा, तुला कुठं राहायचंय?"

"शिवानीसंगं."

शिवानी ओसरीवर चाकाच्या खुर्चीत बसली होती. ती किनवटकडची, वसतिगृहात राहून शिकलेली. मंडळाचा हिशेब तीच बघते. एकट्या अपंग बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना, म्हणून चुलत भावाकडे राहायची. ती बाहेरूनच म्हणाली, "आमचं कधीचं ठरलंय. मला वाचता येतं, हिला उचलता येतं. दोघी मिळून एक संसार हुतो की."

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?" सरांनी विचारलं.

"विचारलं कुणी? आणि मला खाली बसता येत न्हाई, सर. माझं मत कुठं धरता?"

सर गुडघ्यावर हात ठेवून उठले. स्वतः ओसरीवर गेले, तिची खुर्ची ढकलत आत आणली आणि पुढची दोन्ही चाकं माझ्या काठावर घेतली. माझ्यावर कितीएक पाय पडले, मित्रांनो, पण चाक पहिल्यांदाच आलं. थोडं रुतलं, पण दुखलं नाही.

तिकडे वसतिगृहाला नकार कळवला. पार्वतीबाईंच्या गल्लीत, पायरी नसलेली एक खोली मिळाली. गुणाबाईंच्या घरापासून ती हाकेच्या अंतरावर. दिवाळीपर्यंत करून बघायचं ठरलं. गुणाबाईंनी होकार दिला, पण जीव टांगणीला लागलेला. त्या रोज डबा घेऊन बघायला जायच्या. कधी खिचडी खारट झालेली, कधी धुणं तसंच भिजत पडलेलं. दर वेळी माझ्यावर येऊन बसायच्या आणि पार्वतीबाईंना म्हणायच्या, न्हाई जमायचं बाई हे.

एके दिवशी त्या गेल्या, तर दाराला कुलूप. फोन उचलेनात.  गुणाबाई भिंतीला टेकून तिथंच बसल्या. नको नको ते मनात आलं. तासाभरानं दोघी बाजारातून आल्या. शिवानीच्या मांडीवर मेथीची जुडी आणि वांगी, मागून खुर्ची ढकलत वर्षाराणी. आईला बघून ती म्हणाली, "माय, फोन करून येत जा. आम्ही घरी नसतो."

गुणाबाईंनी ही हकिगत पुढच्या सभेत स्वतःच सांगितली. सांगताना आधी रुसून बोलत होत्या. बोलता बोलता हसायला लागल्या. "मलाच म्हनती, फोन करून ये. पाव्हणी झाले मी लेकीच्या घरची." त्या दिवसापासून डबा बंद झाला.

दिवाळी झाली. आजची सभा दुपारची. सरांच्या शेजारी वर्षाराणी, काठावर शिवानीची चाकं. बसथांब्याला चाकांसाठी उतार करून मागायचा होता, म्हणून सर लांबलचक अर्ज वाचत होते. गुणाबाई भिंतीला टेकल्या. मग हळूहळू कलल्या आणि माझ्यावर आडव्या झाल्या. पार्वतीबाई घाबरून पुढं सरकल्या, मनगट हातात धरलं, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "काही न्हाई. झोपल्यात."

खरंच झोपल्या होत्या, बारीक घोरत. सरांनी आवाज खाली आणला. अप्पा काही बोलणार, तोच वर्षाराणीनं ओठांवर बोट ठेवलं. मंजुरीची वेळ आली तेव्हा कुणी तोंडानं बोललं नाही. सगळ्यांनी नुसते हात वर केले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला फार काही लागत नाही. झाडा, ऊन दाखवा, उसवलं तर टाका घाला. पण माझी एक विनंती आहे. ज्याच्याविषयी बोलायचं, त्याला ओसरीवर ठेवू नका. आधी त्याला शेजारी बसवा. खाली बसता येत नसेल तर चाकांसकट आत घ्या. आणि विचारल्यावर उत्तर यायला उशीर लागला, तर तेवढा वेळ थांबा.

सभा संपून बराच वेळ झाला. सगळे आपापल्या कामाला गेले. एरवी मला घडी घालून कपाटावर ठेवतात. आज कुणी ठेवलं नाही; गुणाबाई अजून माझ्यावर झोपलेल्याच आहेत. वर्षाराणी मसाल्याच्या खोलीत गेली, जाताना दार तेवढं लोटून घेतलं. मीही हे सगळं तुम्हाला हळू आवाजातच सांगते आहे.