मान वर करणाऱ्या सुनेचा चष्मा

मी संयोगिताचा चष्मा बोलतोय. कागलच्या एका घरात, शिवणयंत्राच्या खणात, सुटी बटणं आणि दोऱ्याच्या रिळांशेजारी पडून आहे. काचा शाबूत आहेत, दांड्या शाबूत आहेत. माझ्यात काहीच बिघडलेलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

कोल्हापुरातल्या एका दुकानात माझा जन्म झाला. संयोगिताचं डोकं रोज सकाळी ठणकायचं, उलटी व्हायची. सासरच्यांना आधी वेगळीच आशा लागली. ती फोल ठरली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, नंबर आला असेल. दुकानदाराने समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली, तिने वाचली. जेमतेम पाव नंबर निघाला आणि मला तिच्या नाकावर बसवलं. ‘वर बघा’ असं त्याने एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला पहिल्याच दिवशी दिसलं ते त्यालाही दिसलं असतं. तिची बुबुळं खाली जात, डावीउजवीकडे जात, पण वर चढतच नसत.

मग ती बिचारी काय करणार? भाकरी थापताना तिची सासू, तानाबाई, समोर येऊन उभी राहिली की संयोगिता अख्खं डोकंच मागे टाकायची. हनुवटी वर जायची आणि डोक्यावरचा पदर खाली. वडीलधाऱ्यांपुढे पदर पडू द्यायचा नाही, ही त्या घरची रीत. तिने पदराला पिना लावून पाहिल्या, पण हनुवटीला पिन कुठे लावणार?

“कोल्हापूरच्या शिवाजी पेठंतली हाय न्हवं,” तानाबाई शेजारणीला सांगायच्या, “मान ताठ करूनच बोलती. माज हाय, दुसरं काय.”

मी नाकावर बसून सगळं ऐकायचो आणि चरफडायचो. संयोगिता मात्र स्वतःलाच दोष द्यायची. दार लावून आरशापुढे उभी राहायची आणि मान न हलवता वर बघायचा सराव करायची. डोळे नुसते थरथरायचे.

पुढे तिला एकाचे दोन दिसू लागले. पायरी चुकून ती पडली, तेव्हा कुठे तिच्या नवऱ्याने, कृष्णातने, तिला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मला काढून टेबलावर ठेवलं आणि तिच्या डोळ्यांसमोरून बोट वर नेलं. एवढंच केलं. मग मेंदूचा फोटो निघाला. मेंदूच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिनियल नावाची. अंधार पडला, आता झोपा, असं शरीराला सांगणारी. त्या ग्रंथीत गाठ वाढली होती आणि डोळे वर फिरवणाऱ्या मेंदूच्या भागाला दाबत होती.

“फोटोवरून तरी साधी गाठ वाटते, कॅन्सरची नाही,” बाई म्हणाल्या. “नक्की काय ते काढून तपासल्यावर कळेल. पण या गाठीने मेंदूतल्या पाण्याची वाट अडवलीय, पाणी तुंबून दाब वाढलाय. त्या दाबाने डोळ्यांच्या नसा मरतात. या आठवड्यात ॲडमिट करा, नाहीतर नजर जाईल.”

इतकं सगळं त्या माउलीने समजावून सांगितलं. एसटी कागलला पोचेपर्यंत त्यातला ‘साधी’ हा एकच शब्द उरला होता.

नणंदेचं, वर्षाराणीचं, लग्न सव्वा महिन्यावर आलं होतं. “साधीच हाय म्हणाल्यात की,” तानाबाई म्हणाल्या. “घरात कुणाच्या डोक्यात गाठ हाय म्हटल्यावर सोयरं माघारी जातील. अक्षता पडू देत, मग बघू.”

कृष्णात भिंतीकडे बघत बसला. संयोगिता हळूच म्हणाली की आता तिला समोरचा तवाही धुरकट दिसतो. सासूने तिला चष्मा पुसायला सांगितलं.

आणि ती पुसत राहिली. सव्वा महिना, दिवसातून वीस वेळा, पदराच्या टोकाने. माझ्यावर धूळ नव्हती हो! लग्नाच्या मांडवात तिला कुणी ओळखू येईना, तर पाहुणे म्हणाले, सून ओळखसुद्धा दाखवत नाही.

अक्षता पडल्या, मग ऑपरेशन झालं. गाठ खरंच साधी निघाली. डोकेदुखी थांबली, बुबुळं थोडी वरही जाऊ लागली. नजर मात्र परत आली नाही. तिला आता उजेड आणि सावल्या कळतात, बस्स. जमिनीचा अंदाज घेत ती मान खाली घालून चालते. शेजारणी म्हणतात, सून किती निवळली.

संयोगिताच्या नाकावर बसून मला एक कळलं. माणसं दुसऱ्याची मान बघतात, पदर बघतात, डोळ्यांत कुणी बघत नाही. जमलं तर तेवढं बघत जा.

काल संयोगिताने खण चाचपून मला बाहेर काढलं, पुसलं आणि डोळ्यांवर चढवलं. तानाबाई समोर उभ्या होत्या.

“वर बघ की गं एकदा,” त्या म्हणाल्या.

“बघून काय करू, आत्या?” संयोगिता म्हणाली, आणि मला काढून परत खणात ठेवलं.